हवा आपण ओढतो का थे सोताच आत घुसते? (धागा)

पऱ्हाटीवाला
राजेहो एक वाद मिटवून द्या. काल टपरीवर बसलो होतो, विषय निघाला दम्याचा अन् गाडी कुठच्या कुठं जाऊन शेवटी इथं अडकली का श्वास घेतो तवा आधी काय होते. हवा आत शिरते म्हणून छाती फुगते, का छाती फुगते म्हणून हवा आत शिरते? मी म्हणतो पहिलं, माहा साळा म्हणते दुसरं. साळा डीएड झालेला हाय म्हणून थो जरा जास्तच बोलते. कोणी जाणकार असन तं सांगजा, दोन चहा अन् एक प्लेट आलुबोंडा लागलेला हाय.

गुर्जी_परतवाडा
चहा साळ्याला पाजा भाऊ.
छाती आधी, हवा नंतर. फुप्फुसाला स्वतःला फुगवायचे स्नायूच नाहीत, ते बिचारं लोंबकळत असते, काम दुसरेच करतात. एक तर श्वासपटल, म्हणजे छाती अन् पोटाच्या मधला घुमटाच्या आकाराचा स्नायूचा पडदा, आणि दुसरे फासळ्यांच्या मधले स्नायू. पडदा आकसला की घुमट चपटा होऊन खाली सरकते, शांत बसलेल्या माणसात एक-दीड सेंटीमीटर, जोरात दम घेतला तर १० सेंटीमीटरपर्यंत. फासळ्या वर अन् बाहेर उचलल्या जातात. आता छातीतली जागा वाढली पण आत हवा तेवढीच, म्हणून तिचा दाब उतरला. हा रॉबर्ट बॉईलचा नियम, १६६२ चा, अकरावीच्या पोरायले झोपेत विचारला तरी सांगतील. बाहेर दाब जास्त, आत कमी, वाट उघडी, मग हवा येणारच ना.
खरी मजा आकड्यात आहे. पुस्तकात बाहेरच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, आणि श्वास घेताना वायुकोशातला, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतला, दाब ७५९. बस, एकाचा फरक. तेवढ्यावर अर्धा लिटर हवा दोनेक सेकंदात आत. सोडताना आत ७६१ होते आणि तीच हवा बाहेर. दरवर्षी एक तरी पोट्टा म्हणते सर प्रिंटिंग मिस्टेक आहे.
आणि ७६० हा समुद्राकाठचा आकडा बरं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, तिथं साधारण ७३० असते. आपण काय रोज ३० मिलिमीटर कमी श्वास घेतो का, नाही. बाहेरचा उतरला तसा आतलाही उतरला, हवा हलवायला फरक लागते, आकडा नाही.

पऱ्हाटीवाला
चहा गेला म्हणजे 😑 पण गुर्जी एका मिलिमीटरवर अर्धा लिटर हे काही पटून नाही रायलं

गुर्जी_परतवाडा
पटत नाही हे बरोबरच आहे, तुमची शंका माझ्या पोरायपेक्षा चांगली. हिशेब करा. शांतपणे श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात दोन-अडीच लिटर हवा उरतेच. त्यात अर्ध्या लिटरची जागा वाढवली तर बॉईलच्या नियमानं दाब शंभर मिलिमीटरच्या वर पडायला पाहिजे. तेवढा दाब पाडायची ताकद आपल्या स्नायूंत नाहीच. मग पडत काऊन नाही? कारण नाकापासून वायुकोशापर्यंत वाट उघडी आहे अन् तिच्यात अडथळा फार कमी. दाब जरासा उतरला की लगेच हवा घुसते अन् फरक भरून काढते, पुन्हा जरासा उतरते, पुन्हा घुसते, असं सलग चालते, म्हणून तो फरक एकाच्या वर जातच नाही.
करून पाहा: नाक-तोंड घट्ट दाबून छाती फुगवा. काही फुगत नाही, उलट गळ्याच्या खालचा खड्डा आत जाते. आता वाट बंद आहे म्हणून दाब खरंच खाली गेला. (बीपी, हार्टवाल्यांनी करू नका उगाच.)

संत्रावाला_वरुड
मी बारावी नापास, पण हे मले एका मिनटात समजलं कारण हे तं आपल्या विहिरीवरच्या मोटरीचं झालं. लोकायले वाटते मोटर पाणी ओढते. ओढत नाई बाप्पा. मोटर फक्त सक्शन पाइपात दाब कमी करते, विहिरीतल्या पाण्यावर जे हवेचं वजन बसलेलं हाय थे पाणी वर ढकलते. म्हणून तं ३४ फुटाच्या वर कोणत्याच कंपनीच्या मोटरीचं सक्शन जात नाई, मंग थे ५ एचपीची लावा का १० ची. अन् खरं सांगू तं २०-२५ फुटावरच रडाले लागते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं का आपण काऊन मोटर विहिरीत अँगल टाकून खाली उतरवतो, हौस हाय म्हणून का? हवा तेवढीच ढकलू शकते म्हणून.
म्हणजे छाती ओढत नाई. छाती जागा करून देते, ढकलते थे बाहेरची हवा. बरोबर का गुर्जी?

गुर्जी_परतवाडा
सोळा आणे. फक्त एक फरक लक्षात ठेवा, तुमची मोटर इकडून घेते तिकडं फेकते, सक्शन वेगळं डिलिव्हरी वेगळी. आपल्याकडं जायची अन् यायची वाट एकच. म्हणून श्वासनळीत मागच्या श्वासाची वापरलेली हवा अडकून राहते, मोठ्या माणसात साधारण १५० मिली. पुढचा श्वास घेतला की आधी तीच परत आत जाते. ५०० घेतले तर कामाचे ३५०.

शांत_चित्त
एवढं कायले डोकं लावता, रोज सकाळी उठून दीर्घ श्वसन करा, सगळं आपोआप ठीक होते 🙏

गुर्जी_परतवाडा
सगळं ठीक होते हे मी म्हणणार नाही, पण दीर्घ श्वासामागं वरचाच हिशेब आहे. ५०० चा एक श्वास घेतला, ३५० कामाचे. त्याऐवजी २५० चे दोन उथळ घेतले तर प्रत्येकातून १५० वाया, उरले १०० अन् १००, म्हणजे २००. मेहनत तेवढीच अन् ताजी हवा जवळपास निम्मी. म्हणून घाबरून भराभर दम टाकणाऱ्या माणसाला हळू अन् खोल घे म्हणतात.

पोट्टा_बारावीचा
सर मी प्रदर्शनात थे बाटलीवालं मॉडेल ठेवलं होतं. बाटलीत दोन फुगे अन् बुडाले रबर, रबर खाली ओढलं का फुगे फुगते. परीक्षकानं विचारलं यात चूक काय हाय सांग, मले नाही आलं. काय चूक हाय?

गुर्जी_परतवाडा
परीक्षक तयारीचा होता. तुझ्या बाटलीत फुग्यांच्या बाहेर, काचेच्या आत, मोकळी हवा आहे. आपल्या छातीत तिथं हवा नसते. फुप्फुसावर एक पापुद्रा, छातीच्या भिंतीला आतून दुसरा, अन् दोघांच्या मधात फक्त चमचा-दोन चमचे द्रव. म्हणून भिंत बाहेर गेली की फुप्फुस तिच्यासोबत लगेच जाते, मधात ढिलाई नाही. पुढच्या वेळी ती मोकळी जागा पाण्यानं भर अन् मग रबर ओढ. हवा ताणली जाते, पाणी ताणल्या जात नाही, फुगे रबराच्या बरोबर हलतील. थोडी गळती होईल, खाली टोपलं ठेव. दुसरी गोष्ट, बाटली कडक आहे, फासळ्या हलतात.

चंद्रपूरवाला
पापुद्र्याचं निघालं म्हणून विचारतो. मामाले बैलानं शिंग मारलं होतं, फासळी मोडली अन् माणूस निळा पडाले लागला. जिल्ह्याच्या जागी नेलं तं त्यायनं फासळ्याच्या मधून एक नळी टाकली अन् नळीचं दुसरं टोक खाटीखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवून ठेवलं. आमी सगळे नातेवाईक थे बाटलीच पाहत बसलो, मामाकडं कोणी पाहेना. त्यातून बुडबुडे निघत. पाण्यात काऊन बुडवते थे? मामा आता टनाटन हाय, वावरात जाते.

सिस्टर_ताई
हे माझं रोजचं काम म्हणून मी सांगते, गुर्जी माफ करा.
गुर्जींनी सांगितलेल्या दोन पापुद्र्यांच्या मधला दाब बाहेरच्यापेक्षा नेहमीच कमी असतो, कारण फुप्फुस लवचिक आहे ते आत आकसू पाहते आणि छातीची भिंत बाहेर पळू पाहते, दोघांची ओढाताण चोवीस तास चालू. हा दाब आम्ही पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतो, आरामात असताना ५ सेंटीमीटर कमी, श्वास घेतला की ८ पर्यंत कमी. आता फासळी घुसली किंवा शिंग लागलं आणि तिथं भोक पडलं की हवा त्या कमी दाबाच्या जागेत घुसते. दोघांची पकड सुटली. फुप्फुस गोळा होऊन बसते, आणि मग छाती कितीही फुगवा ते तिच्यामागं येत नाही.
नळी ती अडकलेली हवा काढायला टाकतात. टोक पाण्यात साधारण २ सेंटीमीटर बुडलेलं. पेशंट खोकलला, श्वास सोडला की आतला दाब वाढून हवा बुडबुडे होऊन बाहेर जाते. श्वास घेतला की बाहेरची हवा नळीतून आत जाऊ पाहते पण मधात पाणी आहे, ते फार तर नळीत थोडं वर चढते आणि थांबते. म्हणजे बाहेर जायची वाट आहे, आत यायची नाही. मामांच्या नळीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली होत असेल बघा. ते हललं की नळी मोकळी आहे. अचानक थांबलं की आम्ही पळत येतो.
आणि नातेवाईकांनो हात जोडते, ती बाटली उचलून खाटेवर, मांडीवर ठेवू नका. छातीपेक्षा वर गेली तर पाणी उलटं छातीत जाते. संडासला नेताना नळी चिमटून धरू नका, अडकलेली हवा आतच साठून जीवावर येऊ शकते. बाटली हातात खाली धरून चाला, बस.

संत्रावाला_वरुड
घ्या. सक्शन पाइपले चीर पडली म्हणजे. मोटर गरगर फिरते, आवाज बदलते, पाणी काही येत नाई. आमी सायकलची ट्यूब गुंडाळतो 😄

सिस्टर_ताई
गंमत नाही दादा, छातीवर उघडी जखम असली आणि तिथून सूं सूं हवा जात असली तर घट्ट गुंडाळून पूर्ण बंद करायचं नाही. अडकलेली हवा बाहेरच निघणार नाही. १०८ ला फोन करायचा आणि माणसाला उठवून-बसवून वेळ घालवायचा नाही.

तूरवाली
आमच्या घरी सासरे हायेत, तूर काढाचे दिवस आले का थ्रेशरचा धुरळा अन् त्यायचा दम एकदमच उठते. थे म्हणते मले दम घेता येते पण सोडता येत नाई. आमाले वाटे म्हतारा काईबी बोलते. खरंच असं होते का ताई?

सिस्टर_ताई
खरं बोलतात ते. शांत श्वास सोडायला कोणताच स्नायू लागत नाही, पडदा सैल पडला की ताणलेलं फुप्फुस आपोआप आकसते आणि हवा बाहेर. खोकायला किंवा फुंकणीनं चूल फुंकायला मात्र पोटाचे स्नायू लागतात. दम्यात बारीक श्वासनळ्या आकसतात, आत सुजतात, चिकट बेडका अडकतो. श्वास घेताना छाती फुगते तेव्हा सगळ्यासोबत त्या नळ्याही थोड्या उघडतात, हवा कशीबशी आत जाते. सोडताना त्या आणखी अरुंद होतात. मग माणूस पोट दाबून जोर लावतो, त्यानं आतला दाब वाढतो खरा, पण तोच दाब नळ्यांना बाहेरून दाबतो. जितका जोर तितकं बंद. जुनी हवा आत साठत जाते, छाती पिंपासारखी फुगलेली दिसते.
त्यांना सांगा ओठांचा चंबू करून हळूहळू सोडा. तोंडाशी अडवलं की नळ्यांच्या आत दाब टिकून राहतो, त्या लवकर मिटत नाहीत. आणि तोंडानं ओढायचा पंप (इनहेलर) लिहून दिला असेल तर तो घ्यायचाच, "सवय लागते" म्हणून खुंटीला टांगू नका. थ्रेशरवर तर त्यांना उभंच राहू देऊ नका.

ढिवराचा_पोरगा
भंडाऱ्याचा हावो मी, तलावाचा माणूस. लहानपणी आमी पोट्टे पपईच्या पानाची नळी तोंडात धरून पाण्यात लपाचो. हातभर खालपर्यंत जमे, त्याच्या खाली लांब पाइप आणला तरी नाई जमे, छातीवर कोणी बसल्यावानी वाटे. पाइप तं वर उघडाच होता, मंग हवा काऊन नाई ये?

गुर्जी_परतवाडा
या धाग्यातला सगळ्यात भारी प्रश्न. पाइपातली हवा वरच्या दाबाची, पण छातीवर पाण्याचा दाब. एक मीटर खाली गेला की छातीवर १०० सेंटीमीटर पाण्याचा जादा दाब, म्हणजे ७४ मिलिमीटर पारा. जिथं एरवी एक मिलिमीटरवर काम भागते तिथं छाती उघडायलाच ७४ च्या विरुद्ध जोर लावायचा. धडधाकट माणूस सगळी ताकद लावून क्षणभर जेवढा दाब तयार करू शकते तो साधारण एवढाच. एक-दोनदा होईल, मग स्नायू थकले. वरून लांब पाइप म्हणजे वापरलेली हवा आणखी जास्त, तीच तीच आत-बाहेर. पाणबुडे टाकी घेऊन जातात तेव्हा यंत्र त्यांना आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देते म्हणून चालते. पोरांना हे खेळू देऊ नका.

संत्रावाला_वरुड
मंग विहिरीत इंजिन उतरवाले गेलेले माणसं खाली जाऊन बेशुद्ध पडते थे काय? तिथं तं पाणी नाई छातीवर.

गुर्जी_परतवाडा
ते वेगळं. तिथं दाबाचा खेळ ठीक चालते, छाती फुगते, हवा येते, पण त्या हवेत ऑक्सिजनच नसते. कार्बन डायऑक्साइड जड, खाली बसते, डिझेल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर वासही देत नाही. दाबातला फरक फक्त हवा आणून देते, कोणती हवा ते त्याला काय माहीत. एक पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरते अन् तोही जाते, दरवर्षी वाचतो आपण. उतरायचंच नाही, फायर ब्रिगेड नाहीतर पोलिसांना फोन.

पऱ्हाटीवाला
धागा लय लांबला पण मजा येऊन रायली. एक सांगा, झोपेत हे कोण चालवते? मी तं झोपलेला असतो.

सिस्टर_ताई
मेंदूच्या बुडाशी श्वासाचं केंद्र आहे, तिथून हुकूम सुटतो. पडद्याकडं जाणारी नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मणक्याजवळून निघते. म्हणून झाडावरून, नाहीतर बैलबंडीवरून मानेवर पडलेल्या माणसाची मान हलवायची नाही म्हणतात.
आणि यातच आपल्या भागातली मोठी गोष्ट आहे, मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, बरेचदा दुखत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या उघडत नाहीत, थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा. घरचे म्हणतात झोप झाली नसेल. तिचं विष नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोचूच देत नाही. फुप्फुस चांगलं, हवा चांगली, श्वासनळी मोकळी, पण पडदा हलत नाही म्हणून जागा वाढत नाही, जागा वाढत नाही म्हणून दाबात फरक नाही. माणूस शुद्धीवर असून बोलू शकत नाही.
तेव्हा आम्ही उलटं करतो. आतला दाब कमी होत नाही ना, मग बाहेरचा वाढवायचा. अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबायची हवेची पिशवी, तोंडावर घट्ट लावून दाबायची, हवा ढकलून आत घालायची, सोडली की छाती स्वतःच्या लवचिकपणानं हवा बाहेर टाकते. व्हेंटिलेटर हेच काम यंत्रानं करतो. सर्पविषावरचं औषध तर द्यायचंच, पण स्नायू जागे होईपर्यंत श्वास कोणीतरी द्यावाच लागतो. म्हणून मांत्रिकाकडं गेलेला एक तास फार महाग पडतो. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.
फवारणीच्या विषबाधेतही शेवटी हेच होते, वरून छातीत स्राव भरतो. २०१७ ला यवतमाळकडं फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, ते इथं कोणाला सांगायला नको.

गुर्जी_परतवाडा
ताईंनी सांगितलं त्याच्या उलट यंत्रही होतं एके काळी. १९२८ मध्ये बोस्टनला फिलिप ड्रिंकर अन् लुई शॉ यांनी लोखंडी पेटी केली, पोलिओच्या पेशंटचं डोकं बाहेर अन् बाकी अंग आत. पेटीतला दाब कमी केला की छाती आपोआप फुगे, हवा नाकातून आत. निसर्गाची नक्कलच ती. मग १९५२ ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, पेट्या पुरेनात, तेव्हा ब्योर्न इब्सेन या डॉक्टरनं गळ्यात भोक पाडून नळीतून हवा ढकलायची पद्धत सुरू केली अन् डॉक्टरकीची शेकडो पोरं पाळीपाळीनं हातानं पिशवी दाबत बसली. आजचा आयसीयू तिथून सुरू झाला.

आजी_अकोट
माह्या नातीले सातव्या महिन्यात लेकरू झालं. त्याच्याबी नळीचं टोक पाण्यात होतं अन् बुडबुडे निघत. त्याच्या छातीले तं काई लागलं नोतं.

सिस्टर_ताई
आजी ती बाटली वेगळी. वायुकोश आतून ओले असतात, पाण्याच्या ताणानं ते मिटू पाहतात. तो ताण कमी करणारा एक साबणासारखा पदार्थ फुप्फुस स्वतः तयार करते, पण तो पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश प्रत्येक श्वासाला मिटतात, पुन्हा उघडायला फार जोर लागतो, बाळ कण्हते, फासळ्या आत जातात. म्हणून नाकातून सतत थोड्या दाबाची हवा देतात. नळी पाण्यात ५ सेंटीमीटर बुडवली की आत ५ सेंटीमीटरचा दाब टिकून राहतो. खोली वाढवली की दाब वाढला. बाळ कसं आहे आता?

आजी_अकोट
घरभर पयते माय. कोणाच्या हाती लागत नाई.

पोट्टा_बारावीचा
शेवटचा प्रश्न सर, उचकी म्हणजे काय? आई म्हणते कोणीतरी आठवण काढून रायलं.

गुर्जी_परतवाडा
आठवण काढणाऱ्यानं तुझा पडदा अचानक आकसवला म्हण. हवा झपकन आत निघते अन् तेवढ्यात घशातली फट फटकन बंद होते, त्याचा तो 'हिक'. दोन दिवसांच्या वर थांबली नाही तर आठवण नाही, डॉक्टर.